आधी बंक मोजा: महामारीत समुद्रातल्या गॅस प्रकल्पाचं बांधकाम कसं चालवायचं

पुण्याला समुद्र नाही. पण समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मवर जे बसतं, त्यातलं बरंच काही इथूनच जातं. हिंजवडी-बाणेरच्या ऑफिसांत पाइपिंगची ड्रॉइंग निघतात. भोसरी, चाकण, पिरंगुटच्या शेडमध्ये स्किड (एका चौकटीवर जोडून ठेवलेली यंत्रणा), कंट्रोल पॅनेल आणि प्रेशर व्हेसल तयार होतात. शिवाय इथली कितीतरी माणसं २८ दिवस ड्युटी आणि २८ दिवस घर या चक्रावर जुहूच्या हेलिबेसवरून मुंबई हायला जात-येत असतात. महाराष्ट्रातले कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले आणि २५ मार्चला देश बंद झाला. पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा बांधकामाचा हंगाम भरात होता.

पुढची साथ कधी येईल हे कुणाच्या हातात नाही, तयारी मात्र आपल्या हातात आहे. प्रकल्पाचं नियोजन, खरेदी, फॅब्रिकेशन किंवा साइटची जबाबदारी असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझं ठाम मत असं, की महामारीत समुद्रातल्या कामाला सगळ्यात मोठी टंचाई पोलादाची किंवा पैशाची नसते. टंचाई असते समुद्रावर झोपायच्या जागेची, म्हणजे बंकची. ती आधी मोजली की बाकीचे निर्णय आपोआप रांगेत येतात.

पायरी १: बंक मोजा, मग वेळापत्रक करा

नेहमीच्या काळात आपण कामाचे मॅनअवर (एका माणसाचं एका तासाचं काम) काढतो, त्यावरून माणसं ठरवतो आणि मग तेवढ्या माणसांना पुरेल असं अकोमोडेशन बार्ज, म्हणजे कामगारांच्या राहण्याचं तरंगतं जहाज, भाड्याने घेतो. साथीत हा क्रम उलटा करावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. बार्जवर २४० बंक आहेत. त्यांतले ९० जहाजाचे खलाशी, क्रेन ऑपरेटर, गॅलीचे म्हणजे स्वयंपाकघराचे लोक, डॉक्टर, सेफ्टी आणि सुपरवायझर यांचे. म्हणजे प्रत्यक्ष हातोडा-वेल्डिंगचं काम करणारे १५०. दिवसाला प्रत्येकी १० तास काम निघालं तर रोजचे १,५०० मॅनअवर होतात. हुक-अपचं, म्हणजे समुद्रात बसवलेले भाग एकमेकांना जोडण्याचं, काम ६०,००० मॅनअवरचं असेल, तर ४० दिवसांत आटोपतं.

आता साथ आली. चौघांच्या केबिनमध्ये दोघेच ठेवायचे, काही केबिन विलगीकरणासाठी रिकाम्या ठेवायच्या. २४० वरून आपण १६० वर आलो, म्हणजे बंक एक तृतीयांशानं घटले. पण ते ९० लोक कमी होत नाहीत. जहाज चालवायला खलाशी तेवढेच लागतात, उलट सफाईचे आणि वैद्यकीय असे सहा जण वाढतात. ९६ झाले. कामाला उरले ६४. रोजचे ६४० मॅनअवर, आणि तेच काम आता साधारण ९४ दिवसांचं.

बंक तिसऱ्या हिश्श्यानं घटले, पण काम करणारे हात निम्म्याहूनही कमी झाले. वरिष्ठांना "थोडा उशीर होईल" असं सांगू नका, हा हिशेब कागदावर मांडून दाखवा. दुसरं बार्ज आणायचं, काम कमी करायचं की पुढच्या हंगामात न्यायचं, हा निर्णय त्यानंतरच प्रामाणिकपणे घेता येतो. आणि या हिशेबात लाइफबोटीच्या जागा आणि हेलिकॉप्टरच्या फेऱ्याही धरा. सीट सोडून बसवायचं ठरलं की तेवढीच माणसं न्यायला फेऱ्या वाढतात.

पायरी २: हंगामाची शेवटची तारीख आधी लिहा

अरबी समुद्रात जड उचल, पाइपलाइन टाकणं, बार्ज नांगरून ठेवणं ही कामं साधारण नोव्हेंबर ते मे एवढ्याच काळात होतात. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. त्यामुळे मार्चमध्ये सहा आठवडे गेले तर नुकसान सहा आठवड्यांचं नसतं, बहुधा अख्ख्या वर्षाचं असतं. पूर्वेकडे, काकीनाड्यासमोरच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो, तिथलं गणित वेगळं. तिथल्या केजी-डी६ या गॅस ब्लॉकमधल्या आर क्लस्टर या प्रकल्पाचं उदाहरण डोळ्यासमोर ठेवण्याजोगं आहे. पाण्याची खोली २,००० मीटरहून जास्त, गॅस २०२० च्या मध्याला अपेक्षित होता आणि सुरू झाला १८ डिसेंबर २०२० ला. महामारी आली तरी काम पुरं होऊ शकतं. मात्र तारीख हलणार हे आधीच धरून चालावं लागतं.

म्हणून मोठ्या क्रेन-बार्जच्या कामांना एक "निर्णयाची तारीख" द्या. त्या दिवसापर्यंत जॅकेट (प्लॅटफॉर्मचा पाण्यातला सांगाडा) किंवा टॉपसाइड (त्यावर बसणारा यंत्रांचा भाग) निघायला तयार नसेल, तर यंदा नाही. रेटून मे अखेरीस नेलेलं काम अर्धवट राहतं, आणि पावसाळ्यात अर्धवट बसलेल्या स्ट्रक्चरची जबाबदारी फार जड असते.

पायरी ३: समुद्रावरचं काम जमिनीवर ओढून आणा

समुद्रावरचा एक मॅनअवर यार्डातल्या मॅनअवरच्या कित्येक पट महाग असतो हे सगळ्यांना माहीत आहे. साथीत तो मिळतच नाही. म्हणून उरलेल्या प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारा: हे पाण्यावरच करायला हवं का?

केबल ओढणं, लूप चेक (उपकरणापासून कंट्रोल रूमपर्यंतच्या सिग्नलची तपासणी), डेकवरच्या पाइपिंगची लीक टेस्ट, इन्सुलेशन, पेंटचा शेवटचा हात, व्हेंडरच्या माणसाकडून पॅकेज सुरू करून बघणं, हे सगळं यार्डात उरकता येतं. एरवी आपण "साइटवर बघू" म्हणून ही कामं पुढे ढकलतो. टॉपसाइड यार्डातून निघताना उरलेल्या कामांची जी यादी सोबत जाते, तीच पुढे बंक खाते. मी तर म्हणेन की त्या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे "किती बंक-दिवस" असा रकाना ठेवा. ती यादी मंजूर करायला प्रोजेक्ट मॅनेजरची सही लागावी. जिथे डिझाइन अजून हातात आहे, तिथे जोडणीच्या जागी समुद्रावर वेल्डिंग करण्याऐवजी फ्लँज (बोल्टनं आवळायची चकती) किंवा मेकॅनिकल कनेक्टर बसवता येईल का, हे आपल्याच पाइपिंग टीमला विचारा. वेल्डिंग कमी झालं की वेल्डर, फिटर, रेडिओग्राफी (वेल्डचा एक्स-रे) आणि हॉट वर्कची (ठिणगी उडणाऱ्या कामाची) परवानगी, सगळंच कमी होतं.

पायरी ४: शेड आणि यार्ड चालू ठेवा

२०२० च्या मे महिन्यात वेल्डर, फिटर, ग्राइंडर आपापल्या गावी निघून गेले. पोटाचा आणि घरच्यांच्या काळजीचा प्रश्न होता, त्यांना दोष देता येत नाही. माणसं राहावीत असं वाटत असेल, तर यार्डाच्या आवारात राहायची चांगली सोय, वेळेवर पगार आणि घरी पैसे पाठवायची व्यवस्था पहिल्या आठवड्यातच करा.

परत आलेल्या वेल्डरला थेट कामावर उभं करू नका. वेल्डिंगच्या पात्रतेच्या एएसएमई सेक्शन नऊ या नियमावलीनुसार एखाद्या प्रक्रियेनं सहा महिने वेल्डिंग केलं नसेल, तर त्या प्रक्रियेची पात्रता संपते. प्रत्येकाची नोंदवही बघा, गरज असेल तर टेस्ट कूपन (चाचणीसाठीचा वेल्डचा तुकडा) करून घ्या. हे राहून गेलं तर नंतर शेकडो जॉइंटच्या कागदपत्रांवर प्रश्नचिन्ह लागतं.

ऑक्सिजनचा धडाही विसरू नये. २२ एप्रिल २०२१ पासून मोजके उद्योग वगळता बाकीच्यांचा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला गेला, आणि तेच योग्य होतं. ज्या शेडमध्ये सगळं कटिंग ऑक्सिजन-ॲसिटिलीनवर होतं, तिथे काम ठप्प झालं. प्लाझ्मा कटिंग आणि बँडसॉची सोय असेल तर असा आदेश आला तरी शेड चालू राहते.

तपासणीचं काय? मुंबईचा इन्स्पेक्टर पुण्याला येऊ शकत नसेल, तर त्याच एजन्सीचा पुण्यात राहणारा इन्स्पेक्टर घ्या. माणसांऐवजी कामांची अदलाबदल करा. व्हिडिओवरची तपासणी कुठे चालते हे आधी ठरवून इन्स्पेक्शन प्लॅनमध्ये लिहा. कंट्रोल पॅनेलची फॅक्टरी टेस्ट कॅमेऱ्यावर उत्तम होते. हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) ही होते, पण दोन कॅमेरे हवेत: एक गेजवरून न हलणारा, दुसरा जॉइंटभोवती फिरणारा. सुरुवातीला गेजचा नंबर आणि कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र कॅमेऱ्यासमोर धरा. पेंटची जाडी, वेल्डची नजरेनं तपासणी, शाफ्टचं अलाइनमेंट यांना मात्र माणूसच लागतो. तिथे तडजोड नको.

पायरी ५: घर ते बार्ज, साखळी तुटू देऊ नका

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन ते चौदा दिवस जाऊ शकतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशीची एकच निगेटिव्ह चाचणी म्हणजे सुरक्षा नव्हे. चालणारी रीत अशी: घरून स्वतंत्र गाडीनं मुंबईला, हॉटेलात एकेकाला एक खोली, पोचल्यावर आरटी-पीसीआर, निदान सात पूर्ण दिवस विलगीकरण, सहाव्या दिवशी दुसरी चाचणी, निकाल हातात आल्यावरच हेलिबेस. हॉटेल ते हेलिबेस गाडी आपली, ड्रायव्हरही त्याच साखळीतला. जेवणाला एकत्र जमू देऊ नका. सहा दिवस एकट्यानं काढून सातव्या दिवशी बुफेला रांग लागली, तर सगळं वाया जातं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. विलगीकरणातल्या दिवसांचा पूर्ण पगार द्या. इंजिनिअरला, तसाच ठेकेदाराच्या हेल्परला आणि गॅलीतल्या मुलालाही. ज्याची हजेरी कापली जाते तो ताप लपवतो. पॅरासिटामॉल घेऊन थर्मामीटरसमोर उभा राहतो, आणि एका माणसाच्या चार दिवसांच्या मजुरीपायी अख्खं बार्ज बंद पडतं. लक्षण सांगणाऱ्याला नोकरीची भीती वाटणार नाही हे लेखी द्या, हिंदी आणि मराठीत, आणि ते ठेकेदाराच्या मुकादमाला सगळ्यांसमोर वाचून दाखवायला लावा.

एकच माणूस असलेली पदं शोधा: क्रेन ऑपरेटर, रेडिओ ऑपरेटर, डॉक्टर, डीपी ऑफिसर (नांगराशिवाय जहाज जागेवर धरून ठेवणारा), प्लॅटफॉर्मचा प्रमुख. यांचा राखीव माणूस हॉटेलात विलगीकरण पुरं करून तयार बसलेला हवा. खर्च वाटतो, पण क्रेन ऑपरेटरवाचून उभ्या राहिलेल्या बार्जचं एका दिवसाचं भाडं काढून बघा.

लसीचं वेळापत्रक ड्युटीच्या चक्राशी जुळवा. २०२१ च्या मे महिन्यात कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं, तेव्हा कितीतरी लोकांची दुसऱ्या डोसची तारीख समुद्रावर असतानाच येत होती. डोस दिल्यावर दोन दिवस तरी उंचीवरचं काम देऊ नका, ताप आणि अंगदुखी येते.

पायरी ६: बार्जवर आणि प्लॅटफॉर्मवर

दहा-बारा जणांचे गट करा. एका गटाची केबिन, जेवणाची वेळ, कामाची जागा आणि लाइफबोट एकच. लाइफबोट एकच का, तर खऱ्या अलार्मला सगळे धावतील तेव्हाही गट कमीत कमी मिसळतील. पण मस्टर ड्रिल (अलार्म वाजल्यावर ठरल्या जागी जमण्याचा सराव) कधीही रद्द करायची नाही. अंतर पाळायचं म्हणून आगीची ड्रिल सोडणं म्हणजे एका धोक्यापायी दुसरा ओढवून घेणं.

काही गोष्टी जमिनीवर बऱ्या, पण गॅसच्या जागी घातक:

- अल्कोहोलचं सॅनिटायझर पेट घेतं. वेल्डिंग-ग्राइंडिंगच्या जागी साबण-पाण्याचे बेसिन लावा.
- नायलॉन-पॉलिएस्टरचे मास्क ठिणगीनं वितळून चेहऱ्याला चिकटतात. हॉट वर्कला सुती किंवा ज्वालारोधक कापडाचेच मास्क.
- चालू प्लॅटफॉर्मवर साधा मोबाइल चालत नाही. व्हिडिओसाठी प्रमाणित उपकरण लागतं.
- हवा खेळावी म्हणून टेम्पररी रेफ्यूजची (अपघातात आसरा घ्यायच्या खोलीची) दारं उघडी ठेवायची नाहीत. तिथला हवेचा दाब गॅस बाहेर ठेवण्यासाठी असतो. ताजी हवा वाढवायची तर एचव्हीएसी (वातानुकूलन) इंजिनिअरकडून, डॅम्पर (हवेच्या झडपा) आणि फिल्टर तपासून.

समुद्रातल्या वसई गॅस क्षेत्रातला गॅस आंबट असतो, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. कोरोनानं वास घेण्याची शक्ती जाऊ शकते. कुजक्या अंड्यासारख्या वासावर विसंबू नये हे आपण एरवीही शिकवतो, कारण १०० पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतंच. तरी प्रत्यक्षात जुनी माणसं वासावरून सावध होतात. बरा होऊन आलेल्या माणसाचं ते नाकही गेलेलं असू शकतं. त्याला अंगावरच्या डिटेक्टरशिवाय एक पाऊल टाकू देऊ नका. श्वसनाच्या सेटचा मास्क एकानं वापरला की धुऊन, निर्जंतुक करून, टॅग लावूनच दुसऱ्याला. सेट कमी पडत असतील तर जास्त मागवा.

ऑक्सिजनचा साठा तासांत मोजा. ७,००० लिटरचं मोठं सिलिंडर मिनिटाला १० लिटरनं साधारण पावणेबारा तास जातं. खराब हवेत हेलिकॉप्टर दोन दिवस आलं नाही असं धरा, रुग्ण दोन धरा: ५७,६०० लिटर, म्हणजे नऊ सिलिंडर. "दोन-तीन असतील मेडिककडे" हे उत्तर चालत नाही. रुग्णाच्या रक्तातली ऑक्सिजनची पातळी ९४ टक्क्यांच्या खाली जायची वाट न बघता, उतरती दिसली की मेडिव्हॅक (रुग्णाला किनाऱ्यावर नेणारं हेलिकॉप्टर) मागा. आणि किनाऱ्यावर कोणतं रुग्णालय घेणार हे आधीच लेखी ठरवून ठेवा, दुसऱ्या लाटेत खाटांसाठी काय धावपळ झाली ती पुण्यानं पाहिली आहे.

डायव्हरांचं प्रकरण वेगळंच. सॅच्युरेशन चेंबरमध्ये, म्हणजे डायव्हर दिवसेंदिवस राहतात त्या दाबाच्या बंद खोलीत, ७५ मीटर खोल पाण्याच्या दाबाखाली असलेल्या माणसाला ताप आला तर त्याला लगेच बाहेर काढता येत नाही. दाब उतरवायलाच तीन-चार दिवस लागतात. म्हणून डायव्हरांचं विलगीकरण इतरांपेक्षा लांब ठेवा. आजारातून उठलेल्या डायव्हरला फुप्फुसांची नव्यानं तपासणी झाल्याशिवाय पाण्यात उतरवू नका.

पायरी ७: वादळ आलं तर बबल (विलगीकरण केलेल्यांचा बंद गट) विसरा

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायच्या परिसरात पी-३०५ हे अकोमोडेशन बार्ज बुडालं. त्यावर २६१ माणसं होती, ७० हून जास्त दगावली. दुसरी लाट तेव्हा ओसरायची होती. या घटनेनंतर प्रत्येक प्लॅनरनं स्वतःला विचारावं असा प्रश्न आहे: माणसं किनाऱ्यावर आणली तर विलगीकरण पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, या विचारानं माझ्याकडून बार्ज हलवायला उशीर होईल का?

तो होऊ नये म्हणून नियम आधीच लिहून ठेवा. हवामान खात्याचा अमुक इशारा आला की तमुक तासांत बार्ज सुरक्षित जागी, नांगर उचलून. ठरवणारा एक माणूस, आणि त्याला खर्चाचं उत्तर द्यावं लागणार नाही. परतणाऱ्यांसाठी किनाऱ्यावर राखीव खोल्यांचा करार हंगामाच्या सुरुवातीलाच करा. खोल्या तयार असल्या की निर्णय घेणाऱ्याचा हात अडखळत नाही.

पायरी ८: लांबलेली ड्युटी

२८ दिवसांचे ६० झाले की माणूस थकतो, आणि थकलेल्या माणसाच्या हातून शॅकल (उचलीच्या दोरखंडाची लोखंडी कडी) नीट लागत नाही. कमाल मर्यादा ठरवा आणि ती पाळा. बदली आली नाही तर काम कमी करा, ड्युटी वाढवू नका. रोज व्हिडिओ कॉलपुरतं इंटरनेट द्या. पुण्यातल्या ऑफिसात एक माणूस फक्त कुटुंबांसाठी नेमा. कोथरूडला एकट्या राहणाऱ्या आईला औषध पोचलं, हे कळलेला माणूस समुद्रावर स्वस्थ चित्तानं काम करतो. गणपतीला घरी जायची ओढ मोठी असते. तो काळ पावसाळ्यातच येत असल्यानं तेव्हाच्या सुट्ट्यांचं वचन देणं सोपं आहे, आणि दिलेलं पाळाच.

पायरी ९: थांबलेल्या सामानाची निगा

सगळ्यांची नजर माणसांवर असते तेव्हा सामान गंजतं. पाइपलाइनमध्ये टेस्टचं पाणी भरून ठेवलं असेल, तर त्यातलं बायोसाइड (जिवाणू मारणारं रसायन) आणि ऑक्सिजन स्कॅव्हेंजर (पाण्यातला ऑक्सिजन काढणारं रसायन) किती महिन्यांच्या हिशेबानं घातलं होतं ते बघा. मुदत संपत असेल तर आतून जिवाणूंमुळे गंज लागायला सुरुवात होते. पंप-कॉम्प्रेसरचे शाफ्ट ठरल्या वेळी हातानं फिरवा, नायट्रोजनचा दाब नोंदवा, पॅनेलमधलं सिलिका जेल बदला. या नोंदींशिवाय व्हेंडर वॉरंटी नाकारतो. वॉरंटी डिलिव्हरीपासून सुरू होत असेल तर मुदतवाढीचं पत्र आजच लिहा.

पायरी १०: करार आणि कागद

केंद्राच्या खर्च विभागानं १९ फेब्रुवारी २०२० च्या पत्रात कोरोनामुळे तुटलेली पुरवठा साखळी नैसर्गिक आपत्तीत धरता येईल असं म्हटलं, आणि १३ मे २०२० च्या पत्रात सरकारी करारांना तीन ते सहा महिन्यांची मुदतवाढ देण्याची वाट खुली केली. अट अशी की ठेकेदार १९ फेब्रुवारीला आधीच कसूरवार नसावा. हीच गोष्ट दिल्ली उच्च न्यायालयानं हॅलिबर्टन आणि वेदांता यांच्या खटल्यात २९ मे २०२० रोजी ठामपणे सांगितली. सप्टेंबर २०१९ पासून चालत आलेली दिरंगाई मार्च २०२० च्या लॉकडाऊनच्या नावावर खपवता येत नाही.

म्हणून साथ सुरू होईल त्या आठवड्यातच प्रकल्पाची स्थिती गोठवून ठेवा: कोणतं काम किती टक्के, कोणतं आधीच मागे, का मागे. दोन्ही बाजूंच्या सह्या. रोजच्या रिपोर्टमध्ये बंक किती मिळाले, विलगीकरणात किती, कोणत्या आदेशामुळे काय थांबलं, हवामानानं किती तास गेले, हे वेगवेगळ्या रकान्यांत. हवामान आणि साथ एका ओळीत लिहिली की दोन वर्षांनी लवादासमोर कुणालाच ती सोडवता येत नाहीत. नोटीस द्यायची मुदत करारात बघा आणि मुदतीच्या आत पाठवा, आकडे नंतर जोडता येतात.

फोर्स मेज्युअरनं (करारातल्या नैसर्गिक आपत्तीच्या कलमानं) बहुधा वेळ मिळतो, पैसे मिळत नाहीत. नव्या करारात हे सरळ दरपत्रकातच घाला: विलगीकरणाचा माणशी दिवसाचा दर, चाचणीचा दर, राखीव माणसाचा दर, हेलिकॉप्टरच्या जादा फेरीचा दर आणि बार्ज नुसतं उभं राहिल्याचा दर. साथ आली नाही तर त्या ओळींपुढे शून्य लागेल. आली तर पहिल्याच दिवशी दोन्ही बाजूंना माहीत असेल की कुणी काय द्यायचं.